मजनू का टीलाच्या खाणावळी

आज आपण ज्याला तिबेटी रेस्टॉरंट म्हणतो, ते तिबेटातून आलेलं नाही. जुन्या ल्हासात चहाची आणि छांगची, म्हणजे घरी आंबवलेल्या दारूची, दुकानं होती, नेपाळी आणि चिनी व्यापाऱ्यांच्या पेठा होत्या; पण चार टेबलं, भिंतीवर दलाई लामांची तसबीर, मेनूकार्डावर मोमो, थुक्पा, थेनथुक, टिंगमो, शापता आणि स्वयंपाकघरात मालकीणबाई स्वतः उभी, अशी खाणावळ घडली ती भारतात, १९५९ नंतर. घडवली ती निर्वासित बायकांनी. दिल्लीतल्या मजनू का टीलाच्या खाणावळींत हा इतिहास अजून ताटासमोर बसून ऐकता येतो, म्हणून तो सांगावासा वाटतो.

मी नागपूरची. दिल्ली विद्यापीठात शिकायला आले आणि शिकवायला राहिले. विद्यापीठाच्या उत्तर परिसरातून मजनू का टीला रिक्षाच्या टप्प्यात आहे. वस्ती वसली आहे ती रिंगरोड आणि यमुना यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. नाव मिळालं शेजारच्या गुरुद्वाऱ्यामुळे. गुरू नानक इथे एका नावाड्याला भेटले, लोक त्याला मजनू म्हणत, असं शीख परंपरा सांगते. सरकारी कागदांवर ही वस्ती न्यू अरुणानगर आहे आणि तिबेटी लोकांसाठी साम्येलिंग. रस्त्यावरून पादचारी पूल ओलांडला की पताकांच्या माळा दिसू लागतात. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील अशा गल्लीतून आत गेलं की एकदम चौक लागतो. तिथे मंदिरं आहेत, बाकांवर माळ ओढत बसलेले म्हातारे आहेत आणि चारी बाजूंना खाणावळींचे जिने.

मूळ तिबेटी आहार फार साधा होता. चार हजार मीटर उंचीवर भात पिकत नाही, भाज्या थोड्या. जव पिकतं. ते भाजून दळायचं, की झाला त्सांपा, म्हणजे आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊ. वाडग्यात लोणी-मिठाचा चहा घ्यायचा, त्यात हे पीठ बोटांनी मळून गोळा करायचा आणि खायचा. जोडीला याकचं सुकवलेलं मांस आणि छुर्पी, म्हणजे वाळवलेलं कडक चीज. राहुल सांकृत्यायन १९२९ साली भिक्षेकऱ्याच्या वेषात ल्हासाला निघाले, तेव्हा वाटेतल्या मुक्कामांवर त्यांना हेच मिळालं: चहा, सत्तू आणि रात्री गरम थुक्पा, म्हणजे सूपसारखा रस्सा. त्यांनी ते प्रवासवर्णनात नोंदवून ठेवलं आहे. मोमो काठमांडूच्या नेवार व्यापाऱ्यांच्या वाटेवर वाढला. हे व्यापारी पिढ्यान् पिढ्या ल्हासाला ये-जा करत आणि तिथे घरं करून राहत. गव्हाचं पीठ तिबेटात महाग, त्यामुळे मोमो हा सणाचा, पाहुण्यांचा पदार्थ होता.

१० मार्च १९५९ रोजी ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. १७ तारखेच्या रात्री दलाई लामा राजधानीतून निघाले आणि ३१ मार्चला त्यांनी तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत पाऊल टाकलं. त्यांच्यामागून हजारो लोक आले. आसामातल्या मिसामारीला आणि बंगालातल्या बक्सा द्वारला छावण्या उभ्या राहिल्या. थंड कोरड्या पठारावरची ही माणसं दमट उकाड्यात आजारी पडू लागली, तेव्हा सरकारने त्यांना पहाडात रस्त्याच्या कामावर पाठवलं. हिमाचल, सिक्कीम आणि इतर सीमाभागांतल्या कितीतरी रस्त्यांची खडी तिबेटी हातांनी फुटली आहे, आणि त्यात बायकांचे हात पुरुषांइतकेच होते. रस्त्याच्या छावण्यांतून मुलांचे हाल होत. मे १९६० मध्ये ५१ मुलं हिमाचलातल्या धरमशाळेला आणली गेली आणि दलाई लामांच्या थोरल्या बहीण त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांच्यासाठी बालसदन सुरू केलं. आजच्या तिबेटी बालग्रामांची सुरुवात तीच.

१९६२ च्या चीनयुद्धानंतर सीमेवरचे तिबेटी खाली सरकले. त्यातले काही दिल्लीत येऊन यमुनेच्या काठी टेकले. झोपड्या ताडपत्रीच्या आणि बांबूच्या, जमीन पुराच्या पट्ट्यातली. शेतजमीन मिळालेल्या वसाहती कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड इथे झाल्या, मध्य प्रदेशात (आता छत्तीसगडात) मैनपाटला झाल्या. मजनू का टीलाला मात्र जमिनीचा तुकडाही नव्हता. हाताशी होतं ते फक्त घरचं कसब. मग बायकांनी छांग गाळायला घेतली.

छांग तिबेटात जवाची करत, दिल्लीत ती तांदळाची झाली. तांदूळ शिजवायचा, परातीत पसरून कोमट होऊ द्यायचा, त्यात फाब, म्हणजे आंबवणाची वाळकी वडी, चुरून मिसळायची, भांडं घोंगडीत गुंडाळून ठेवायचं. काही दिवसांनी त्यात पाणी ओतून गाळलं की दुधट, आंबटगोड छांग तयार. विद्यापीठातले विद्यार्थी, रिक्षावाले, हमाल, सगळे इथे येऊन बसत. दिल्लीच्या दोन पिढ्यांना मजनू का टीला ठाऊक झाला तो छांगमुळेच. पिणाऱ्याला सोबत काहीतरी खायला लागतं, म्हणून त्या झोपड्यांतून मोमोचं पातेलंही चुलीवर चढलं. पुढे वस्तीने आपणहून छांगची विक्री बंद केली. मुलं शाळेत जाऊ लागली होती, वस्तीला नाव हवं होतं, आणि कमाईचे दुसरे मार्ग मिळाले होते.

दुसरा मार्ग म्हणजे स्वेटर. देशभरातले तिबेटी हिवाळ्याच्या तोंडावर लुधियानाला जातात, घाऊक व्यापाऱ्यांकडून माल उधारीवर उचलतात आणि गावोगावच्या मैदानांत, फुटपाथांवर दुकानं मांडतात. थंडी सरली की उधारी फेडून वसाहतीत परत. या सगळ्या जाण्यायेण्याचं नाकं दिल्ली. कर्नाटकातून धरमशाळेला निघालेला भिक्षू, लडाखहून आलेला म्हातारा, कागदपत्रांसाठी खेटे घालणारा तरुण, लुधियानाला माल घ्यायला निघालेली बाई, सगळ्यांना एक रात्र काढायला जागा आणि ओळखीचं जेवण हवं असे. धरमशाळेच्या बसगाड्याही इथूनच सुटतात. अशा गरजेतून झोपड्यांच्या जागी पक्की घरं आली, घरांत लॉज आले आणि लॉजच्या तळमजल्यावर खाणावळी आल्या. म्हणजे या खाणावळी निघाल्या त्या तुमच्या-माझ्यासाठी नव्हे, वाटेवरच्या आपल्या माणसांसाठी. म्हणून तिथे अजून कुणी घाई करत नाही. एक वाटी थुक्पा घेऊन तासभर बसलेल्या माणसाला उठ म्हणायची तिथली रीत नाही.

मी ज्या खाणावळीत जाते तिची मालकीण आता सत्तरीला टेकली असेल. सगळे तिला आमा-ला म्हणतात, मीही म्हणते. गर्दी नसेल तेव्हा ती मला स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल देते. तिथून मी तिला थेनथुक करताना पाहिलं आहे. मळलेल्या पिठाच्या बोटभर जाड वळ्या तेलाचा हात लावून ओल्या फडक्याखाली झाकलेल्या असतात. ऑर्डर आली की ती एक वळी उचलून डाव्या मनगटावर टाकते, दोन्ही अंगठ्यांनी चेपत पट्टी करते आणि उकळत्या रश्शावर धरून नखाएवढे तुकडे तोडून आत फेकत जाते. रश्शात मुळ्याच्या चकत्या, कांदा, टोमॅटो, लसूण, मांसाचे तुकडे आणि शेवटी पालक. तुकडे तळाशी जातात, मग एकेक करून वर येतात. सगळे वर आले की गॅस बंद. हात एकदाही थांबत नाही.

“आमा-ला, लाटून कापत का नाही?” मी एकदा विचारलं.

ती हिंदीत म्हणाली, “लाटायला पोळपाट लागतो, दीदी. आई कुल्लूकडे रस्त्याच्या कामावर होती, तेव्हा आमच्याकडे एक पातेलं होतं आणि एक परात. असंच तोडून टाकायची. मी तिच्या पाठीवर होते, तिथूनच शिकले.”

थेनथुक जुना आहे, आम्दो प्रांतातला. तो काही रस्त्याच्या छावणीत जन्मलेला नाही. पण एका परातीत आणि एका पातेल्यात होणारा पदार्थ छावणीतल्या चुलीवर टिकला आणि तिथून खाणावळीत आला, यात मला मोठा अर्थ दिसतो. मेनूकार्डावर काय राहिलं आणि काय गळलं, ते परिस्थितीने ठरवलं. याक दिल्लीत नाही, म्हणून म्हशीचं मांस आलं, मग चिकन आलं. जव महाग आणि गिऱ्हाईकाला अनोळखी, म्हणून त्सांपा मागे पडला आणि मैदा पुढे आला. तिबेटात सणाला होणारा मोमो रोजचा झाला. कोबी, गाजर, पनीर यांची सारणं भारतात भरली गेली. शापता, म्हणजे मिरची-कांद्यावर परतलेले मांसाचे पातळ काप, आणि सोबत टिंगमो, म्हणजे वाफवलेला पापुद्र्यांचा पाव, ही जोडी मात्र जुन्या घरांतली जशीच्या तशी टिकून आहे. टिंगमो हाताने उलगडत, शापत्याचा रस टिपत खायचा. दिल्लीतलं याहून समाधानाचं जेवण मला माहीत नाही.

१९९० नंतर मोमो वस्तीबाहेर पडला. लाजपतनगरात डोल्मा आंटीच्या गाडीसमोर रांगा लागू लागल्या, लालभडक चटणी आली, आणि बघता बघता दिल्लीच्या प्रत्येक बाजारात मोमोचं स्टीलचं भांडं वाफा सोडू लागलं. गेल्या काही वर्षांत लाफिंगने तीच वाट धरली आहे. मुगाच्या सत्त्वाची थंडगार थरथरती वडी किंवा गव्हाची पिवळी चादर, तिच्यावर लसणाचं पाणी, व्हिनेगर, सोया आणि तिखट तेल. गल्लीतल्या बायका स्टुलावर बसून ती गुंडाळतात, कापतात आणि हातात देतात. मूळचा पदार्थ सिचुआनचा, तिबेटात रुळलेला, आता दिल्लीच्या कॉलेजकुमारांचा. मुखर्जीनगरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी आपली लातूर-नांदेडची मुलंही रविवारी इथे दिसतात. मराठी कानावर पडलं की मी ओळख काढतेच.

पण या खाणावळींच्या पायाखालची जमीन अजून पक्की नाही, हे त्या मुलांना मी आवर्जून सांगते. २००६ साली रस्ता रुंदीकरण आणि यमुनाकाठाचं सुशोभीकरण यांसाठी वस्ती पाडण्याच्या नोटिसा लागल्या होत्या. न्यायालयातून स्थगिती मिळाली म्हणून ती वाचली. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरवर गेली, आजवरची सर्वोच्च पातळी, आणि या भागात पाणी शिरलं. इथल्या बहुतेकांकडे परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र असतं आणि त्याचं नूतनीकरण चुकवून चालत नाही. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय नागरिक ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं. तरीही अनेकजण नागरिकत्व मागत नाहीत. परत जायचं आहे, ही आशा त्यांना कागदावरूनही पुसायची नाही. मार्च २०१२ मध्ये जम्फेल येशी या २७ वर्षांच्या तरुणाने दिल्लीत निदर्शनाच्या वेळी स्वतःला पेटवून घेतलं. तो याच वस्तीत राहत होता. त्या आठवड्यात चौकात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

जेवण हे या लोकांसाठी राजकारणही आहे. चिनी सत्तेविरुद्ध २००८ साली झालेल्या उठावानंतर तिबेटात ल्हाकार ही चळवळ सुरू झाली: बुधवारी तिबेटी बोलायचं, तिबेटी पेहराव करायचा, तिबेटी माणसाच्याच खाणावळीत जेवायचं. निर्वासित तरुणांनीही ती उचलली. एका वाडग्यात आपली ओळख टिकवण्याचा हा मार्ग मला मोर्चाइतकाच मोलाचा वाटतो.

दरम्यान वस्ती बदलते आहे. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने भारत-नेपाळमधल्या एक हजार तिबेटींना व्हिसा दिले, त्यांच्यामागून नातलग गेले. न्यूयॉर्कचं जॅक्सन हाइट्स आणि टोरांटोचं पार्कडेल इथे आता मोमोच्या खाणावळी आहेत. आमा-लाची दोन्ही मुलं परदेशी आहेत, आणि तिच्या भट्टीशी नेपाळी पोरं उभी असतात. चौकाभोवती कॉफीचे चकचकीत कॅफे आलेत, कोरियन कपड्यांची दुकानं आलीत. त्यात वाईट काही नाही; वस्तीला पैसा मिळतो आहे. पण रस्त्याची खडी, छांगचं पातेलं, लुधियानाची उधारी हे सगळं ज्यांनी हातांनी केलं, ती पिढी संपत आली आहे आणि तिची कहाणी फारशी कुणी लिहून घेतलेली नाही.

यासाठी दिल्लीलाच यायला हवं असं नाही. नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ १९७२ पासून आहे. तेव्हा तो भंडारा जिल्हा होता. झाडीपट्टीतल्या धानाच्या शेतांशेजारी तिथे दोन पिढ्या वाढल्या, आणि नागपूरपासून मुंबईपर्यंत हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी बायकांना तर आपण सगळेच ओळखतो. विदर्भातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी नोर्ग्येलिंगच्या आजी-आजोबांच्या मुलाखती घ्याव्यात, त्यांच्या चुलीचा, शेतीचा, व्यापाराचा इतिहास मराठीत लिहून काढावा. सांगणारे आज ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवं.