कापूस, सुट्टी आणि पुस्तकांची पेटी

मुलांनी सुट्टीत घरी वाचावे, ही अपेक्षा मराठीत किती जुनी आहे याचा माग काढला की तो मुलांच्या मासिकांपाशी जातो. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ साली निघाले, वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ साली. पुढे नागपुरातून ‘मुलांचे मासिक’ निघू लागले आणि वऱ्हाडातल्या वाचत्या घरांना आपल्या जवळचे मासिक मिळाले. १९७१ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ सुरू केले आणि किंमत कमी ठेवून वाचकांचा परीघ वाढवला. परंपरा मोठी आहे. मात्र तिने दोन गोष्टी गृहीत धरल्या: सुट्टी म्हणजे मुलाचा मोकळा वेळ, आणि घरात वाचून दाखवणारे कुणीतरी असणारच.

यवतमाळ जिल्ह्यातील शेतीचे वर्ष या गृहीतकाशी जुळत नाही. दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा कापूस फुटलेला असतो. सीतादही करून वेचणी सुरू होते आणि लहान हातही सरीत उतरतात. याच सुमारास पुसद, महागावकडच्या तांड्यांवरची अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. उन्हाळ्यात झरी, पांढरकवडा भागातल्या कोलाम आणि गोंड पाड्यांवर आधी मोहफुले, मग तेंदूपाने. विदर्भातल्या उन्हामुळे शाळाही जूनच्या अखेरीस उघडते, म्हणजे सुट्टी इतरांपेक्षा लांब. शिवाय घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाचा छापील मराठीशी संबंध येतो तो मुख्यतः शाळेतच. त्यामुळे पहिली-दुसरीत जेमतेम जुळलेली अक्षरे या दोन महिन्यांत पुन्हा सुटू लागतात.

याला जिल्ह्याची साहित्याविषयीची उदासीनता म्हणता येणार नाही. यवतमाळने १९७३ आणि २०१९ अशी दोन अखिल भारतीय साहित्य संमेलने भरवली. अडचण वेगळी आहे. मूल मोकळे होते त्याच दिवशी शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागते. पुस्तक फाटले, हरवले तर नोंदवहीत उत्तर शिक्षकाला द्यावे लागते, म्हणून पुस्तक जपले जाते आणि वाचक सुटतो.

यावरचा एक उपाय आपल्याच इतिहासात आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांना १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक जाईपर्यंत अक्षरओळख नव्हती. त्यांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शिकलेले मूल वाचायला काही नसेल तर शिकलेले विसरते, हे ओळखून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावले. मग पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसेल तर ग्रंथालयाने त्याच्याकडे जावे, एवढाच तो विचार होता.

मला या इतिहासातून यवतमाळसाठी एक साधी गोष्ट दिसते. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हाती दोन-तीन चित्रांची पुस्तके द्यावीत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी गावोगावची वाचनालये त्यात हातभार लावू शकतील. ‘रोज वाचा’ असा उपदेश आईबापांना करू नये. दिवसभर वेचणी करून आलेल्या आईला वाचता येत नसेल, तरी ऐकता येते. मुलाने वाचावे, तिने तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. आजीची एखादी कहाणी मुलाने वहीत उतरवली तर तेही वाचनच. आणि पुस्तक मळून परत आले तर नोंदवहीत ‘वाचले गेले’ असा शेरा मारण्याची मुभा शिक्षकाला असावी. काही पुस्तके परत येणारही नाहीत. तेवढा खर्च शिक्षणाच्या हिशेबात धरायला हवा.