पहिलें यश

अभिमान आणि गर्व यांतील भेद आम्हांस एका जुन्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. तें काढणाऱ्या ज्यूलिया मार्गरेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. १८६३ च्या डिसेंबरांत, वयाच्या ४८ व्या वर्षीं, लेक-जांवयांनीं त्यांस कॅमेरा भेट दिला. इंग्लंडांतील वाइट बेटावरील आपल्या घरीं त्यांनीं कोळशाच्या कोठीची अंधारखोली व कोंबड्यांच्या खुराड्याचें कांचगृह केलें. पहिलें चित्र एका शेतकऱ्याचें. परंतु कांचेच्या लेपावरून चुकून हात फिरला आणि तें पुसूनच गेलें!

२९ जानेवारी १८६४ रोजीं दुपारीं १ वाजतां ॲनी फिलपॉट या बालिकेचें चित्र मात्र साधलें. छापण्यापासून चौकटींत बसविण्यापर्यंत सर्व कामें स्वहस्तें करून बाईंनीं रात्रीं ८ च्या आंत तें तिच्या वडिलांस दिलें. हें आपलें पहिलें यश, असें त्यांनीं अभिमानानें लिहून ठेविलें. तथापि आनंदाच्या भरांत त्या घरभर धांवल्या, त्या मुलीस द्यावयाच्या भेटवस्तु शोधण्यासाठीं! चित्र जणूं सर्वस्वीं तिनेंच घडविलें, असें त्यांस वाटलें.

श्रम सारे आपले. श्रेय मात्र समोर शांतपणें बसलेल्या मुलीचें! असा अभिमान आम्हांस कलावंताचें भूषणच वाटतो.