सोनेरी खिडकी : यरुशलेमच्या मंदिराचे शेवटचे तास

कुठे युद्ध पेटलं, कुठे भूकंप झाला, की आपल्या मंडळ्यांमध्ये मत्तयाचा 24 वा अध्याय उघडला जातो. शेवटचा काळ आला का, अशी कुजबुज सुरू होते आणि म्हातारी माणसं भेदरून जातात. मला तो अध्याय इसवी सन 70 च्या ऑगस्टमध्ये, यरुशलेमच्या तटाशी उभं राहून वाचावासा वाटतो. आम्हा प्रीटरिस्ट विचाराच्या माणसांचं म्हणणं सरळ आहे : येशूने ते समोरच्या पिढीला सांगितलं आणि त्याच पिढीने ते पाहिलं.

पुढचा बहुतेक घटनाक्रम इतिहासकार जोसीफसचा आहे. हा याजक घराण्यातला यहूदी आधी रोमनांशी लढला, मग कैद झाला आणि शेवटी रोमन सेनापती टायटसच्या छावणीत राहिला. टायटसची बाजू तो सांभाळून घेतो, हे ध्यानात ठेवून वाचायचं.

सुमारे 40 वर्षे आधी

शिष्य मंदिराचे प्रचंड दगड दाखवत असतात. येशू म्हणतो, यातला एकही दगड दगडावर राहणार नाही. मग जैतुनांच्या डोंगरावर बसून तो खुणा सांगतो. त्यातल्या बारीकसारीक गोष्टी पाहा. यहूदियातल्यांनी डोंगरांकडे पळावं, छपरावर असलेल्याने सामान घ्यायला खाली घरात शिरू नये, पळण्याची वेळ हिवाळ्यात किंवा शब्बाथाला येऊ नये म्हणून प्रार्थना करावी. सगळ्या जगाच्या अंताला शब्बाथाची काय अडचण? ही सूचना एका गावच्या, एका मुलखाच्या माणसांसाठी आहे. सूर्य काळवंडेल हे शब्दही नवे नाहीत. यशयाने बाबेलच्या पाडावाबद्दल तीच भाषा वापरली होती.

एप्रिल 70

वल्हांडण सणासाठी शहर यात्रेकरूंनी भरलेलं असताना टायटस चार सैन्यदलं घेऊन येतो. आत यहूद्यांचे गट एकमेकांशीच लढताहेत आणि त्या भांडणात धान्याची कोठारं जळून गेली आहेत. लूकच्या 21 व्या अध्यायात खूण स्पष्ट होती : शहराला सैन्याचा वेढा पडताना दिसला की निघा. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो की यरुशलेमची ख्रिस्ती मंडळी युद्धाआधीच यार्देनपलीकडच्या पेल्ला गावी निघून गेली होती.

मंदिर जळण्याच्या तीन आठवडे आधी

जोसीफसच्या कालगणनेतल्या पानेमस महिन्याची 17 तारीख. मंदिरातलं रोजचं अर्पण थांबतं. याजकाच्या घरात जन्मलेल्या जोसीफसला ही बातमी कशी लागली असेल, याचा विचार मी नेहमी करतो. टायटस त्याला तटासमोर उभं करतो आणि तो आपल्या लोकांना त्यांच्याच भाषेत शरण येण्याची विनवणी करतो. बोलता बोलता तो हुंदके देऊ लागतो.

दोन दिवस आधी

पुढच्या, म्हणजे लोउस महिन्याची 8 तारीख. रोमनांनी सहा दिवस धडका देऊनही मंदिराची भिंत हललेली नाही. टायटस दरवाजे पेटवायला सांगतो. त्यांच्यावर मढवलेली चांदी वितळून वाहते आणि आग ओसऱ्यांना लागते.

आदला दिवस

आग विझवण्याचा हुकूम सुटतो. सेनापतींची बैठक बसते. जोसीफस म्हणतो, टायटसला मंदिर वाचवायचं होतं. पुढच्या काळातला ख्रिस्ती लेखक सल्पिशियस सेव्हेरस याच्या नेमकं उलट सांगतो.

10 लोउस, सकाळी सातच्या सुमारास

दिवसाचा दुसरा तास. पूर्व दरवाजातून यहूदी बाहेर पडतात आणि अंगणातल्या पहारेकऱ्यांवर तुटून पडतात. रोमन ढालीला ढाल भिडवून उभे राहतात. मंदिराला लागून असलेल्या अँटोनिया गढीवरून पाहणारा टायटस घोडदळ पाठवतो.

दहा-साडेदहा

पाचव्या तासापर्यंत यहूदी आतल्या अंगणात रेटले जातात. उद्या पहाटे सगळ्या सैन्यानिशी चढाई करायची असं ठरवून टायटस विश्रांतीला जातो.

त्यानंतर

इथून पुढे जोसीफस तास देत नाही. आग विझवणाऱ्या सैनिकांवर यहूदी पुन्हा हल्ला करतात. रोमन त्यांना पिटाळत थेट पवित्रस्थानापर्यंत पोहोचतात. तेवढ्यात एक सैनिक जळतं लाकूड उचलतो. हुकूम कुणाचाच नाही. दुसरा सैनिक त्याला वर उचलून धरतो, आणि तो उत्तरेकडच्या एका सोनेरी खिडकीतून ते लाकूड आत टाकतो. जोसीफसने त्या सैनिकाचं नाव दिलेलं नाही. हेरोदाने सुरू केलेलं या मंदिराचं बांधकाम ऐंशीहून अधिक वर्षं चाललं होतं आणि पुरं होऊन जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती.

टायटस तंबूतून धावत येतो, ओरडतो, हाताने खुणा करतो. त्या गदारोळात कुणी ऐकत नाही. वेदीभोवती प्रेतांचा ढीग साठतो.

बाहेरच्या अंगणात एक ओसरी अजून उभी आहे. तिच्यावर बायका, मुलं आणि सामान्य माणसं मिळून सहा हजार जण आहेत. त्याच दिवशी एका संदेष्ट्याने त्यांना सांगितलं होतं, मंदिरात जा, तिथे सुटकेची चिन्हं दिसतील. सैनिक खालून आग लावतात. त्यातलं कुणीही वाचत नाही. खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, हे येशूने याच अध्यायात बजावलं होतं. ते वाक्य मला या ओसरीशिवाय वाचताच येत नाही.

मंदिर जळत असताना

रोमन आपली निशाणं आणून पूर्व दरवाजासमोर रोवतात, त्यांच्यापुढे बळी देतात आणि टायटसचा इंपेरातोर, म्हणजे विजयी सेनापती, म्हणून जयजयकार करतात. येशूने याच अध्यायात सांगितलेला ओसाडीचा अमंगळ पदार्थ म्हणजे काय, याचं उत्तर काही प्रीटरिस्ट अभ्यासक इथे शोधतात. मला मात्र लूकने सांगितलेला वेढाच त्याचा अधिक सोपा अर्थ वाटतो.

आज

मंदिराच्या टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली, त्या काळच्या फरसबंद रस्त्यावर, वरून ढकललेले दगड अजून पडून आहेत. त्यांच्या भाराखाली फरशी दबून फुटली आहे. त्यातल्या एका दगडावर तुतारी फुंकण्याच्या जागेचा हिब्रू लेख सापडला.

या नाशाचा वापर करून ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं यहूद्यांचा द्वेष केला. ते पाप होतं. हे शहर पाहून येशू स्वतः रडला होता. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहूदी आव महिन्यात याच मंदिरासाठी उपास धरत आले. तो वालाच्या बिरड्याने सुटायचा, म्हणून त्याचं नावच बिरड्याचा रोजा पडलं.

मेलेल्यांचं पुनरुत्थान आणि अंतिम न्याय यांवरचा माझा विश्वास यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण युद्धाच्या बातमीबरोबर कुणी मत्तय 24 तुमच्यापुढे ठेवलं, तर घाबरण्याआधी त्यातलं 34 वं वचन वाचा, आणि कुठल्या पिढीबद्दल ते बोलतं आहे हे त्या माणसाला विचारा.