सहा व्होल्टचा मंद दिवा

इंग्लंडमधील ट्रायम्फ, बी.एस.ए. यांच्या मोटारसायकलींवर १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुधा सहा व्होल्टची बॅटरी असे. प्रवाहाच्या परतीसाठी वेगळ्या तारेऐवजी लोखंडी सांगाडाच वापरत. बॅटरीचे धन टोक त्यालाच जोडलेले असे. जोड गंजला की दिवा मंद होई आणि दोष मात्र बॅटरीला दिला जाई.

हिशेब करून पाहू. सहा व्होल्टच्या ३० वॅट दिव्याला ५ अँपिअर प्रवाह लागतो. जोडाचा रोध ०.२ ओहम असला, तर तेथेच सुमारे एक व्होल्ट, म्हणजे सहावा हिस्सा, खर्ची पडतो. बारा व्होल्टला प्रवाह निम्मा. घट अर्धा व्होल्ट, म्हणजे जेमतेम चोविसावा हिस्सा! पुढे या गाड्या बारा व्होल्टच्या झाल्या, त्याचा हा एक मोठा लाभ.

अशी जुनी गाडी दुरुस्त करताना सगळ्या तारा उपटण्याची घाई करू नये. दिवा पेटता ठेवून व्होल्टमीटरची टोके जोडाच्या दोन्ही बाजूंना लावावीत. काटा ठळक सरकला, तर दोष तेथेच आहे. वर्गात हाच प्रयोग सेल, बल्ब आणि गंजलेला खिळा घेऊन करता येईल.