रायगडाच्या पायऱ्या

“मुलींना डोंगरावर कशाला न्यायचे?” हा प्रश्न गल्लीत घरोघर ऐकला, तेव्हा कुठे चौदा-पंधरा वर्षांच्या नऊ मुली मिळाल्या. १९९६ पासून रायगडावर रोपवेनेही जाता येते. आम्ही मात्र हट्टाने पायऱ्यांनीच निघालो. (माझ्या गुडघ्यांचे मत कोणी विचारले नाही, हे बरेच झाले!)

आधी पाचाडला जिजाबाईंची समाधी पाहिली. गडावरची थंड हवा त्यांना मानवेना म्हणून येथे वाडा बांधला, असे सांगतात. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि त्यांचे देहावसान १७ जूनचे. एका मुलीने बोटे मोजली व म्हणाली, “बाई, अकराच दिवस?” या दोन तारखा मी कित्येक वर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आले, पण त्यांच्यामधले अंतर मला कधी असे जाणवले नव्हते.

वर होळीचा माळ, बाजारपेठेची जोती, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी जळालेला राजवाडा, सारे पाहिले. जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचे नाव कोरलेले आहे. मुली वाकून अक्षरे लावू लागल्या. एकीचा पाय त्यावर पडला होता. तिने तो चटकन मागे घेतला व नमस्कार केला. “पण बाई, त्यांनी नाव पायरीवर का कोरले?” या प्रश्नावर अर्धा तास वाद रंगला. मी मुद्दामच मध्ये पडले नाही.

गड उतरलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. तरी मुलींनी पाचाडला समाधीपाशी पुन्हा थांबायला लावले.