राजदंड की पिण्याची नळी?

माझ्या लहानपणी गावातल्या हॉटेलात आमच्या वस्तीसाठी कान तुटलेले कप वेगळे टांगलेले असत. पाणी तर कपातही मिळत नसे. ओंजळ धरायची आणि वरून पडेल ती धार प्यायची. म्हणून पिण्याच्या साधनांचा इतिहास वाचू लागलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका भांड्याभोवती कोण बसत होते?

उत्तर कॉकेशसमधील मायकोप येथे १८९७ साली निकोलाय वेसेलोव्स्की यांनी पाच हजार वर्षांहून जुने एक दफन उकरले. मृताच्या उजव्या अंगाला सोन्याचांदीच्या आठ नळ्या होत्या. प्रत्येक नळी मीटरभराहून लांब, तुकड्याला तुकडा जोडून केलेली. चार नळ्यांवर सोन्याचांदीचे छोटे बैल ओवलेले. टोकाला बारीक छिद्रांची गाळणी. विद्वानांनी काय ठरवले? कोणी म्हणाले राजदंड, कोणी म्हणाले छत्राच्या काठ्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एका गाळणीतील गाळ तपासला गेला. त्यात जवाचे पिष्टकण निघाले. संशोधकांच्या मते या नळ्या जवाची बिअर पिण्याच्या होत्या आणि शेजारचे ३२ लिटरचे भांडे आठ जणांचे सामाईक होते. सव्वाशे वर्षे पंडितांना सत्ता दिसली, तहान दिसली नाही!

इराकमधील उर येथेही हेच पेय होते. तिथल्या मुद्रांवर मोठ्या रांजणाभोवती बसून लांब नळ्यांनी पिणारी माणसे कोरलेली आहेत. बिअरवर टरफले तरंगत, म्हणून नळी आणि गाळणी. लेनर्ड वुली यांना राणी पुआबीच्या थडग्यात सोन्याच्या, चांदीच्या आणि निळा लाजवर्द मढवलेल्या नळ्या मिळाल्या. लाजवर्द येत असे दूरच्या बदख्शानातून. सामान्य माणूस नदीकाठच्या बोरूची नळी वापरी. ती कुजून गेली. सोने तेवढे उरले आणि त्यालाच इतिहास म्हटले गेले.

हे थडगे उघडले १९२७-२८ च्या हंगामात. त्याच १९२७ च्या २० मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तिकडे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सामाईक रांजणाच्या खुणा वर येत होत्या. इकडे माणसाला सार्वजनिक तळ्याचे पाणी प्यायला लढावे लागत होते.

पण म्हणून उरला समतेचे गाव समजायचे काय? मुळीच नाही. पुआबीबरोबर वीसहून अधिक सेवक त्याच थडग्यात मेले. नळी घडवणाऱ्या सोनाराचे नावही कुठे नाही. एका रांजणातून पिणे म्हणजे समता नव्हे, हे आपण विसरता कामा नये. तरीही फरक उरतोच. त्या नळीने ओठ भांड्यापासून दूर ठेवले, पण पिणारी माणसे एकमेकांजवळ बसवली. आमच्या ओंजळीत पडणाऱ्या धारेने माणूसच दूर ठेवला.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, संग्रहालयात गेलात की पाटीवरचे राजाचे नाव जरूर वाचा. मग वाकून नळीच्या टोकाची छिद्रे पाहा. ती कोणीतरी हाताने पाडली आहेत.