तोंडाला वास, पावले सरळ

२९ मे १९५१ च्या रात्री मुंबईत कुलाब्याकडे निघालेल्या एका जीपची तिघांना धडक बसली. जीप चालवणारे बेहराम खुर्शीद पेसिकाका त्या वेळी मुंबई विभागाचे हंगामी प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. वाहन चालवण्याचा परवाना देणाऱ्या खात्याचाच माणूस आरोपी झाला. एक आरोप बेदरकार वाहन चालवून दुखापत केल्याचा, दुसरा दारूबंदी कायद्याच्या कलम ६६(ब) खाली दारू प्यायल्याचा.

त्या रात्रीच्या वैद्यकीय तपासणीचा तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात टिकून आहे. तोंडाला दारूचा वास, डोळे लाल, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या. पण त्याच डॉक्टरांनी हेही नोंदवले की बोलणे सुसंगत आहे, वागणे ताळ्यावर आहे, सरळ रेषेत चालता येते. मद्य कोणत्या तरी रूपात पोटात गेले आहे, अंमल मात्र दिसत नाही, असे त्यांचे मत पडले. मला या डॉक्टरांविषयी आदर वाटतो. आरोपीच्या बाजूचे जे दिसले, तेही त्यांनी गाळले नाही.

पेसिकाकांचा बचाव साधा होता: दारू घेतली नाही, जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले. त्या टॉनिकात मद्यार्क असतो. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून दारूबंदीच्या आरोपाखाली एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड ठोठावला.

इथे तारखा शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. अपघाताच्या चारच दिवस आधी, २५ मे १९५१ रोजी, बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांना लागू होणारा बंदीचा भाग घटनाबाह्य ठरवला होता. मग वास औषधाचा होता हे आरोपीने सिद्ध करायचे, की दारूचा होता हे सरकारने? १९५४ मध्ये तीन न्यायमूर्तींत यावर मतभेद झाले आणि घटनात्मक मुद्दा मोठ्या पीठापुढे गेला. सरन्यायाधीश महाजन यांच्यासह बहुमत म्हणाले की, कायद्याचा तो भाग आता अस्तित्वातच नाही, असे धरून चालायचे. घेतलेला पदार्थ बंदीतला होता हे सरकारनेच सिद्ध करायला हवे. न्या. एस. आर. दास यांनी वेगळे मत नोंदवले. शेवटी पेसिकाका सुटले.

मुंबई सरकारने १९५९ मध्ये कायदा बदलला. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क आढळला, तर तो औषधाचा आहे हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर आली. तेव्हापासून वादाचे केंद्र वासावरून रक्ताच्या बाटलीवर सरकले. १९६३ च्या उखा कोल्हे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच विचारले की, रक्त काढल्यापासून तपासणी होईपर्यंत ती बाटली नीट जपली होती, याचा पुरावा कुठे आहे?

हे सारे मालवणात बसून लिहितो आहे, कारण गोव्याची हद्द इथून जवळ आहे आणि हद्दीवरच्या बांद्याहून रात्री परतणाऱ्या गाड्या आपण रोज पाहतो. आता मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पिऊन गाडी चालवणाऱ्याची मी बाजू घेत नाही. त्या जीपची माणसांना धडक बसली होती, हे विसरून पेसिकाका खटला वाचता येत नाही.

पण आरोप आपल्या घरातल्या कुणावर आला, तर सही करण्याआधी कागद वाचून घ्या. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मिळणे हा आरोपीचा हक्क आहे, ती मागा. कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.